मासे पहाटेच का मेले?

तलावावर पोचलो तेव्हा उजाडत होतं आणि काठाला मेलेल्या माशांचा पट्टा लागला होता. कुणीतरी विष टाकलं, असंच जमलेले सगळे म्हणत होते. मी आधी माशांचे आकार पाहिले. मेलेले बहुतेक मोठे. बोटभर पिल्लं मात्र तोंड वर काढून धापा टाकत होती. विष बहुधा लहानांनाही सोडत नाही. मोठे आधी गेले असतील तर पहिला संशय ऑक्सिजनवर घ्यायचा.

अशा वेळी विरघळलेला ऑक्सिजन मोजायला पाण्याचे नमुने लगेच घ्यावे लागतात. ऊन चढलं की शेवाळ ऑक्सिजन सोडू लागतं, आणि दुपारी तेच पाणी निर्दोष दिसतं. 300 मिलीची बाटली नळीने तळापासून भरून ओसंडू दिली, आत बुडबुडा राहू दिला नाही. 2 मिली मँगनीज सल्फेट, मग 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून बाटली उलटसुलट केली. वरच्या पाण्याच्या बाटलीत फिकट तपकिरी साका धरला, म्हणजे तिथे थोडा ऑक्सिजन होता. सर्वांत खोल जागेच्या बाटलीत तो पांढराच राहिला, म्हणजे तिथे ऑक्सिजन संपलेला. वरच्या बाटलीत 2 मिली सल्फ्युरिक आम्ल घातलं आणि त्यातल्या 200 मिलीचं टायट्रेशन केलं, म्हणजे रंग जाईपर्यंत थायोसल्फेटचं द्रावण थेंबथेंब घातलं. 0.025 नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेट 1.4 मिली लागलं, म्हणजे लिटरमागे 1.4 मिलिग्रॅम ऑक्सिजन. 27 अंशांचं पाणी जवळपास 8 मिलिग्रॅम धरू शकतं.

कारण आदल्या दिवसांच्या हवेत होतं. वारा पडलेला, कडक ऊन. वरचं पाणी तापून हलकं झालं, तळाचं गार आणि जड राहिलं, दोन्ही मिसळेनात. त्यात नाल्याचं सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारं खत. त्यावर शेवाळ माजतं, मरून तळाशी बसतं आणि ते कुजवताना जीवाणू तिथला ऑक्सिजन संपवतात. मग गाळातलं लोह विरघळतं आणि त्याला धरून बसलेला फॉस्फरस पाण्यात सुटतो. म्हणून नाला आज बंद केला तरी तलाव लगेच सुधारत नाही; जुना गाळ वर्षानुवर्षं शेवाळाला पोसत राहतो. काठाजवळचा गाळ उकरला तर काळा निघाला, सडक्या अंड्यांचा, म्हणजे सल्फाइडचा वास मारणारा.

आदल्या दिवशी आभाळ भरून आलं, शेवाळाचं काम मंदावलं. रात्री वादळी वारा आणि गार पाऊस. थर मोडले, तळाचं पाणी वर आलं, आणि त्यातल्या लोहाने अन् सल्फाइडने वरचा उरलासुरला ऑक्सिजनही खाल्ला. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही श्वास घेतच होते, त्यामुळे पहाटे पातळी सर्वांत खाली गेली.

तळाशी हवा सोडणारा पंप त्याच दिवशी पूर्ण जोराने लावा, असा आग्रह झाला. मी विरोध केला. खोल भागात ऑक्सिजन संपलेलं तसलं पाणी अजून शिल्लक होतं. पंपाने तेही एकदम वर ढकललं असतं. तूर्त फक्त पृष्ठभागावर पाणी घुसळून हवा मिसळणारी चक्रं चालवायची, तीही सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. तळाचा पंप उन्हाळ्याच्या आधी, थर बसण्यापूर्वी सुरू करायचा आणि मध्ये बंद पडू द्यायचा नाही.