बाबांची डी ड्राइव्ह

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि त्याआधीचे दोन-तीन महिने बाबांचा फोनवर एकच प्रश्न. "अरे ते सारखं सांगतंय अकरावर जा, आणि आपलं मशीन अकराला चालणार नाही हे पण तेच सांगतंय, मग मी करू काय?" त्यांचा पीसी इंटेलच्या सहाव्या जनरेशनच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ साधारण आठव्या जनरेशनपासून पुढे, शिवाय टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप पाहिजे. मशीन मात्र ठणठणीत. सोसायटीचा हिशोब, बँक, नातवंडांचे फोटो, यूट्यूबवर कीर्तनं, एवढंच तर लागतं त्यांना.

नवीन पीसी घेणं मला पटत नव्हतं. मायक्रोसॉफ्टने वर्षभर जास्तीचे सिक्युरिटी अपडेट द्यायची सोय केलीये, पण ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, म्हणजे प्रश्न फक्त पुढे ढकलला. मी शेवटी विंडोज काढून डेबियन टाकलं, म्हणजे लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम. फुकट आहे, हलकं आहे हे सगळं बरोबरच, पण माझं खरं कारण वेगळं होतं आणि ते जरा नीट सांगायचंय.

आपल्याकडे असेम्बल केलेला पीसी घेतला की दुकानदार हार्डडिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि बजावतो, सी वर काही ठेवू नका, फॉरमॅट मारायची वेळ आली की सगळं जाईल. बाबांनी ते अगदी मनावर घेतलेलं. त्यांनी डॉक्युमेंट्सचं फोल्डरच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन डी वर हलवलं होतं. तेव्हा विंडोज विचारतं की जुन्या फाइलीही हलवू का, आणि तिथे नाही म्हटलं तर जुन्या फाइली सी वरच्या जुन्या जागी तशाच राहतात.

आता २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं १८०९ नावाचं अपडेट आलं. त्याआधी लोकांची तक्रार असायची की फोल्डर हलवल्यावर जुन्या जागी रिकामं डुप्लिकेट फोल्डर दिसत राहतं, म्हणून ती रिकामी फोल्डरं काढून टाकणारा कोड या अपडेटमध्ये घातला, आणि दुसऱ्या एका बदलाबरोबर मिळून त्याने जुनी फोल्डरं आतल्या फाइलींसकट उडवली. म्हणजे फटका नेमका कोणाला, तर बाबांसारखी शिस्त पाळणाऱ्यांना! चारेक दिवसांत अपडेट थांबवलं, परत आलं ते थेट १३ नोव्हेंबरला. मायक्रोसॉफ्टने सांगितलं की डेटा गेल्याच्या तक्रारी दहा हजारात एक एवढ्याच. बाबांच्या मशीनवर तेव्हा काही गेलं नाही, पण ते वाचून मी पहिल्यांदा त्यांचं सी उघडून बघितलं आणि जुन्या जागी सोसायटीच्या चार वर्षांच्या एक्सेल फाइली होत्या.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की रिलीजच्या आधी टेस्टिंग करणाऱ्या काही जणांनी फीडबॅक हबवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या तक्रारी कळवायच्या अॅपवर, हे कळवलं होतं. पण तिथे ज्या तक्रारीला जास्त मतं ती वर येते, आणि यांना मतं कमी होती. किती जणांना झालं हे मोजलं गेलं, काय गेलं हे मोजलंच नाही. बग किती गंभीर आहे हे सांगायची सोय तिथे नंतर घातली, ती चांगलीच गोष्ट, पण ती आधी पाहिजे होती असं मला अजूनही वाटतं.

डेबियनमध्ये बगला दर्जा असतो. डेटा जातोय म्हटलं की बग सरळ वरच्या दर्जात, मग तो एकाने कळवलेला असो, आणि असे बग नव्या रिलीजची वाट अडवतात. तारीख ठरलेली म्हणून सोडलं असं होत नाही. म्हणून त्यांच्याकडे बग नसतात असं अजिबात नाही. ९ डिसेंबर २०२३ ला डेबियनचं १२.३ हे व्हर्जन यायचं होतं आणि त्याच दिवशी लक्षात आलं की त्यातल्या ६.१.६४ कर्नलमुळे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यामुळे, ईएक्सटी४ फाइलसिस्टिममधला (लिनक्सच्या डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीतला) डेटा खराब होऊ शकतो. नव्या कर्नलमधला एक पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, या जुन्या कर्नलमध्ये आणला होता आणि तो ज्या पॅचवर उभा होता तो आणायचा राहिला होता, बस. पॅकेजेस तोपर्यंत मिररवर, म्हणजे जिथून लोक डाउनलोड करतात त्या सर्व्हरांवर, गेलेली, काहींच्या मशीनवर पोचलेलीसुद्धा. तरी इन्स्टॉल करायच्या इमेज फाइली थांबवल्या, लोकांना उघड सांगितलं की आत्ता अपडेट करू नका, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नल घालून १२.४ काढलं. चूक दोघांकडून झाली, पण हा दुसरा स्वभाव मला बाबांच्या मशीनसाठी हवा होता.

तरी घाई मीही केली नाही. डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला, मी १३.१ ची वाट बघितली, ते ६ सप्टेंबरला आलं. त्याआधी सी, डी, ई तिन्ही दोन वेगवेगळ्या एक्स्टर्नल हार्डडिस्कवर कॉपी केलं आणि माझ्या लॅपटॉपवर फाइली उघडून बघितल्या, कारण कॉपी झाली म्हणजे उघडते असं नसतं. आणि डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे हे बाबांना तेव्हा सांगितलं, डिस्क एकच, ती गेली की तिन्ही गेले. ते जरा वेळ गप्प बसले. दहा वर्षं त्यांचा त्यावर भरवसा होता ना.

इन्स्टॉल अर्ध्या तासाचं काम. वेळ गेला तो सोसायटीच्या जुन्या नोटिसांत, त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा. जुन्या विंडोजमधून फॉन्टची फाइल आणून टाकली तेव्हा मराठी दिसायला लागली. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लगेच मिळाला, एक्सेलच्या फाइली लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, मेन्टेनन्सच्या शीटमधली बेरीज बाबांनी आधीच्या प्रिंटआउटशी ओळ न ओळ ताडून बघितली आणि मगच मान हलवली.

परवा फोन आला. "अपडेट आलंय, दाबू का?"

"बाबा, हार्डडिस्कवर कॉपी कधी केलीत?"

"रविवारी. आणि उघडून पण बघितली."

मग म्हटलं दाबा. स्कॅनर अजून चालत नाहीये, त्यासाठी शनिवारी जातोय.