टेट्रिकसच्या नाण्यांसोबत एक दुपार

इथे इंग्लंडमध्ये एका जाणकार संग्राहकांकडे आज दुपारभर भिंग घेऊन रोमन नाणी पाहिली. बहुतेक पहिल्या टेट्रिकसची. रोमपासून फुटून निघालेल्या गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनवर इ.स. 271 ते 274 राज्य केलेला हा सम्राट, डोक्यावर किरणांचा मुकुट.

अस्सल कोणतं आणि स्थानिक नक्कल कोणती, हे आकारावरून ठरवायचा मोह होतो. सरकारी नाणं साधारण 17 ते 19 मिलिमीटरचं, नकला कधी 10 मिलिमीटरपेक्षाही लहान. पण टेट्रिकसच्या टांकसाळींतली नाणीही घाईत पाडलेली, वेडीवाकडी असतात, आणि काही नकला चांगल्या मोठ्या असतात. म्हणून आधी अक्षरं वाचायची. अस्सल नाण्यावर झिजलेली का होईना, नाव आणि पदवी जुळते. नकलेवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा! जणू निरक्षर माणसानं लेखणीची चाल तेवढी टिपली. मागची आशादेवी स्पेसही बघा: अस्सलवर हातात फूल, दुसऱ्या हातानं उचललेलं वस्त्र, नकलेवर चार काड्यांची बाई. कधी तर नकलेच्या पुढच्या बाजूला टेट्रिकस आणि मागे दिवंगत सम्राट दुसऱ्या क्लॉडियसच्या नाण्यावरची वेदी.

मला यांना 'खोटी नाणी' म्हणवत नाही. मूळ नाण्यातच चांदी नावापुरती उरली होती, फसवून मिळणार काय? 274 मध्ये रोमचा सम्राट ऑरेलियन यानं हा प्रदेश परत घेतला, पण त्याची नवी नाणी ब्रिटनपर्यंत फारशी पोचली नाहीत. बाजाराला सुट्टे पैसे हवे होते, ते लोकांनी स्वतःच पाडले.

पुढच्या खेपेला चौथ्या शतकातल्या सम्राट दुसऱ्या कॉन्स्टँटियसची, घोडेस्वार पाडणाऱ्या सैनिकाची नाणी बघायची आहेत. त्यांच्याही नकला ढीगभर सापडतात.