एलडी, एलडीटी की एलडीएस? ड्यूसचं इंजिन बदलताना माझा अनुभव

एम-३५ए२ हा अमेरिकन लष्कराचा अडीच टनी, सहाही चाकं ओढणारा ट्रक. इथे सगळे त्याला ‘ड्यूस’ म्हणतात. माझ्याकडचा ड्यूस कोलोरॅडोत डोंगरातल्या जमिनीवर लाकूड आणि पाण्याची टाकी वाहतो. मागच्या वर्षी त्याच्या इंजिनाच्या तेलात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, उतरायला लागलं. हेड काढून पाहिलं तर ब्लॉकलाच तडा गेलेला. आता दुसरं इंजिन शोधणं आलं. ‘मल्टिफ्युएल’, म्हणजे अनेक इंधनांवर चालणारी, या एकाच नावाखाली इथे एलडी, एलडीटी, एलडीएस अशी वेगवेगळी इंजिनं विकली जातात आणि विकणाऱ्यालाही त्यातला फरक माहीत असतोच असं नाही. कुणाला या वाटेने जायचं झालं तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हेड उतरवल्यावर हे इंजिन नीट पाहायला मिळालं. सहा सिलिंडर, पण हेड दोन, प्रत्येकाखाली तीन सिलिंडर. पिस्टनच्या माथ्यावर लिंबाएवढा गोल खळगा आहे आणि त्याचं तोंड पोटापेक्षा अरुंद. इंजेक्टर इंधनाचा फवारा हवेत न उडवता या खळग्याच्या भिंतीवर मारतो. तापलेल्या भिंतीवरून इंधनाची वाफ होत जाते आणि घुमणाऱ्या हवेत ती टप्प्याटप्प्याने जळते. त्यामुळे एकदम भडका उडत नाही, इंजिन ठोकत नाही, आणि केरोसीन, विमानाचं इंधन, वेळप्रसंगी पेट्रोलसुद्धा चालवून घेतं. ही पद्धत जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या ‘मान’ (MAN) कंपनीत डॉ. मॉयरर यांनी १९५०च्या दशकात विकसित केली. अमेरिकेत कॉन्टिनेन्टल या इंजिन कंपनीने तिच्यावरून ‘हायपरसायकल’ इंजिनं काढली. मी नगरची. लष्कराचे शक्तिमान ट्रक बघतच आम्ही वाढलो, आणि जबलपूरला तेव्हा बनणारा शक्तिमान म्हणजे ‘मान’चाच ४१५ ट्रक. समुद्रापलीकडच्या या ट्रकशी त्याचं असं नातं निघालं, याचा मला फार आनंद झाला.

आता प्रकार. सगळ्यात जुनं एलडीएस-४२७, सात लिटरचं, एम-३५ए१मध्ये बसवलेलं. त्याचे भाग शोधता शोधता दमछाक होते, म्हणून ते मी पहिल्याच फेरीत बाजूला काढलं. पुढची सगळी ४६५ मालिका. नावात ४६५ असलं तरी प्रत्यक्षात ती ४७८ घनइंच, म्हणजे सुमारे ७.८ लिटरची आहेत, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबण्याचं प्रमाण, २२ला १. एलडी-४६५ला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, नाही. एलडीटी-४६५ला टर्बो आहे आणि ताकद साधारण १४० अश्वशक्ती. एलडीएस-४६५ हे पाच टनी एम-५४ए२चं इंजिन, सुमारे १८० अश्वशक्तीचं.

एलडीटीवरचा टर्बो जास्त ताकदीसाठी बसवलेलाच नव्हता. एलडी फार काळा धूर सोडायचं, आणि लष्करी गाडीने दुरूनच आपला ठावठिकाणा सांगावा हे परवडणारं नव्हतं. म्हणून इंधन तेवढंच ठेवून नुसती हवा वाढवली. सपाटीवर चालवणाऱ्याला एलडी आणि एलडीटीत फारसा फरक जाणवणार नाही. माझी जमीन मात्र नऊ हजार फुटांच्या वर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे बिनटर्बोचं इंजिन चढावर काळं ओकतं आणि एक्झॉस्ट तापत जातो. माझं जुनं इंजिन एलडी-४६५-१सी होतं, त्यामुळे हे मी रोज बघत होते. माझ्यासाठी टर्बो हवाच, इथपर्यंत निर्णय झाला.

मोह पडला तो एलडीएसचा. एका जुन्या ट्रकच्या यार्डात चांगल्या स्थितीतलं एलडीएस पडून होतं, आणि किंमत एलडीटीएवढीच. त्याच पैशात चाळीस अश्वशक्ती जास्त कोण सोडेल? पण ड्यूसचा गिअरबॉक्स स्पायसर ३०५३ए. तो अडीच टनी गाडीच्या हिशेबाने केलेला आहे आणि चौथ्या-पाचव्या गिअरला नाजूक म्हणून आधीच बदनाम. पाच टनी गाडीला वेगळा, दणकट गिअरबॉक्स असतो. शिवाय क्लच आणि बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) यांची जुळवाजुळव आली. म्हणजे इंजिन स्वस्तात घ्यायचं आणि पुढे गिअरबॉक्स फोडून घ्यायचा. माझ्या मते ड्यूसमध्ये एलडीएस घालायचंच असेल तर गिअरबॉक्सचा खर्च त्याच दिवशी धरावा, नाहीतर त्या वाटेला जाऊ नये.

राहिलं एलडीटी, तेही १सी की १डी. १डी ही नंतरची सुधारित आवृत्ती, म्हणून जाणकारांची पसंती तिला. ओळखायचं कसं? टर्बोच्या आवाजावरून ओळखतो म्हणणारे भेटतील. जुना सी टर्बो जोरात शिट्टी घालतो, डी टर्बो शांत असतो हे खरं. पण टर्बो चार बोल्टांचा खेळ आहे, कुणीही कुठल्याही इंजिनावर चढवतो. भरवसा ठेवायचा तो ब्लॉकवरच्या प्लेटवर. मी बघायला गेलेल्या एलडीटीवरची प्लेट वायरब्रश आणि डिझेलने घासली तेव्हा ग्रीसच्या थराखालून मॉडेल नंबर निघाला, आणि शेजारी लष्करी डेपोत ओव्हरहॉल झाल्याची दुसरी प्लेट. डेपोतून नव्याने बांधून आलेलं १डी मिळालं तर फार घासाघीस करू नका, घेऊन टाका.

मग पंपाची प्लेट वाचली. इंजेक्शन पंप अमेरिकन बॉशचा, एकाच प्लंजरवर (इंधन ढकलणाऱ्या दट्ट्यावर) सहा सिलिंडरना इंधन वाटणारा. त्यावरचा मॉडेल नंबर इंजिनाशी जुळतो का हे पाहायलाच हवं, कारण एलडीएसचा पंप जास्त इंधन ढकलतो. पंपाच्या बाजूला इंधनाची घनता ओळखणारा एक छोटा डबा असतो. पेट्रोलसारखं हलकं इंधन आलं की तो जास्तीत जास्त इंधनाची मर्यादा वाढवतो आणि ताकद सारखी राखतो. युक्ती फार सुंदर आहे, पण म्हातारपणी हा डबा आतून गळतो आणि इंधन थेट इंजिनच्या तेलात उतरतं. मी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून वास घेतला, तेल दोन बोटांत चोळलं. पातळ लागलं आणि डिझेलचा वास आला. सौद्यात त्याचे पैसे कमी करून घेतले आणि इंजिन गाडीत चढवण्याआधीच तो डबा बायपास केला. मी डिझेलच घालते, मला त्याची गरज नव्हती.

बसवणं हे त्यामानाने सरळ काम. नव्या गॅस्केटी, नवे होज, टर्बोची तेलाची लाइन स्वच्छ करणं. इंजिन थांबवायची केबल मात्र हाताने पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. हे इंजिन चावीने बंद होत नाही, इंधन तोडल्यावरच थांबतं. पहिल्या स्टार्टला शेजारी हवेच्या तोंडापाशी फळी घेऊन उभा होता, इंजिन बेफाम सुटलं तर हवा कोंडायला. टाकीतला पंप चालवून लाइनमधली हवा काढली, बटण दाबलं, थोडा पांढरा धूर निघाला आणि इंजिन लागलं.

एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवून घेतला आहे. लाकूड भरून त्याच चढावर काटा आता आधीपेक्षा बराच खाली राहतो आणि धूर जवळजवळ दिसत नाही. २६००च्या वर आरपीएम मी कधीच नेत नाही, त्यापुढे या इंजिनांचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेले दांडे) ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतात. जुन्या इंजिनाचं एक हेड आणि इंजेक्टर चांगले निघाले, ते सुटे भाग म्हणून ठेवलेत.