चित्राच्या कोपऱ्यातली नागरी अक्षरं

आज फोंड्याहून पणजीला येताना बसमध्ये 'होर्तुस मलबारिकुस'ची स्कॅन केलेली पानं बघत होते. मलबारच्या वनस्पतींवरचा हा १२ खंडांचा ग्रंथ डच अधिकारी व्हान ऱ्हीडने करवून घेतला. १६७८ पासून ॲमस्टरडॅममध्ये छापला. चित्रांवर लॅटिन, मल्याळम, अरबी आणि चक्क नागरीत कोंकणी नावं! अंगावर काटा आला. रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे कोचीचे कोंकणी वैद्य या कामात होते. इट्टी अच्युतन वैद्यांचं ज्ञान तर त्याचा कणाच. पुढे सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनेही याचा आधार घेतला. शाळेत आम्हाला लिनियस शिकवला, हे चौघे नाहीत, आणि ते मला खरंच खुपतं. यंदा अकरावीच्या मुलांना वर्गीकरण शिकवताना मी सुरुवात यांच्यापासून करणार.