वाळवंटीच्या काठावर, फ्लॅश बंद करून

पणजीत दोन दिवस होतो, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खरी रात्र गोव्यातल्याच साखळी गावाजवळच्या विठ्ठलापूरची. त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत दिवे सोडतात, सजवलेल्या नौका पाण्यात उतरतात, आणि काठावरचा जो तो मोबाइल वर धरून फ्लॅश मारत असतो. याचा मला मनापासून राग येतो. मोबाइलचा फ्लॅश जेमतेम दोन-तीन मीटर पोचतो. दिवे त्याच्या कितीतरी पलीकडे. उजळतं ते पुढच्या माणसाचं डोकं आणि हवेतला धूर, शिवाय शेजारच्यांचे अंधाराला सरावलेले डोळे दिपतात ते वेगळंच.

फ्लॅश बंद केला तरी काम संपत नाही. चौकटीत काळोख जास्त असला की ऑटोमधला कॅमेरा त्याला राखाडी करायला जातो आणि पणतीची ज्योत पांढरा ठिपका होऊन बसते. मोबाइलवर ज्योतीवर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) लॉक करावं, मग ज्योतीचा पिवळेपणा दिसेपर्यंत उजेड खाली ओढावा. कॅमेऱ्यात मॅन्युअल मोड, रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो), आणि सुरुवात आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६००, एफ (भिंगाच्या छिद्राचं माप) २.८, शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/३० सेकंदाने. नौका सरकत असेल तर शटर १/१२५ आणि आयएसओ ६४००. दाणे दिसले तरी चालतील, हललेली नौका नंतर दुरुस्त होत नाही. दिव्यांच्या रेघा हव्या असतील तर ट्रायपॉडवर आयएसओ १००, एफ ८, १५ सेकंद. मधला एक सेकंद मात्र टाळाच: धड दिवाही नाही, धड रेघही नाही.

व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका. तेलाच्या ज्योतीचा रंग साधारण १९०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड तांबूस). ऑटो तो तांबूसपणा धुऊन काढायला बघतो. ३२०० वर ठेवला की रंग शाबूत राहतो. नौकांवर एलईडीच्या माळा असतील आणि फोटोत आडवे पट्टे आले, तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणून पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे बहुधा सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

पौर्णिमा आहे म्हणून चंद्रही त्याच फोटोत घ्यायचा मोह होतो. चंद्राला आयएसओ १००, एफ ८, १/१२५ पुरतं. पणत्यांच्या सेटिंगपासून हे नऊ स्टॉप दूर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. चंद्र पाठीशी घ्या, त्याचा उजेड पाण्यावर आणि घाटाच्या पायऱ्यांवर पडू द्या.

गोव्याच्या दमट हवेत एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर बाष्प धरतं. पुसून उपयोग नाही, ते परत येतं. अर्धा तास बॅगेतच, चेन लावून, बाहेरच्या हवेवर येऊ द्यावा. यूव्ही फिल्टरही (भिंगापुढे लावलेली जादा काच) काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक ज्योतीचं एक फिकट भूत चौकटीत तरंगतं.

नौका पुढे गेल्या की गर्दी पांगते. तेव्हा शेवटच्या पायरीवर बसून कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर धरा. काठाला अडकलेल्या पणत्यांची प्रतिबिंबं तिथूनच सर्वांत लांब दिसतात.