तुम्ही विचारलंत म्हणून: बाईक असून कारच्या मागे का उभा राहतो

एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन. प्रश्न सगळ्यांचा एकच, टोन वेगवेगळा. ऑफिसमधली पोरं हसत विचारतात, मेहुणा टोमणा मारतो ("भावजी, मग बाईक कशाला, रिक्षाच घ्यायची ना"), बायको डबलसीट असली की पाठीत बोट खुपसते आणि मागचा कारवाला हॉर्नवर हात ठेवून विचारतो. की बाबा रे, गाड्यांच्या मधे एवढी जागा आहे, सगळे निघून जातायत, तू काय लेनच्या मधोमध बाईक लावून पुढच्याच्या डिकीकडे बघत बसतोस?

ठाण्यातलं वाघबीळ ते मुंबईतलं विक्रोळी आणि परत, रोज. घोडबंदर रोड ज्यांना माहितीये त्यांना बाकी काही सांगायला नको, ज्यांना नाही त्यांनी सुखी राहावं.

पहिलं म्हणजे मी काही सज्जन माणूस नाही. बारा-तेरा वर्षं मी मधूनच काढत आलो आणि चांगला काढायचो, हे सांगायला मला अजूनही बरं वाटतं, काय करणार. माझे स्वतःचे नियम होते. इंडिकेटर बघायचा नाही, कारचं पुढचं चाक बघायचं, कारण इंडिकेटर न देता वळणारे ढीगभर असतात पण चाक न वळवता कोणी वळत नाही. टॅक्सी थांबलेली असेल आणि मागच्या सीटवरचा पैसे काढायला वाकलेला दिसला तर दार उघडणार हे धरूनच चालायचं. दोन बोटं कायम ब्रेकवर. आणि समोरची गाडी चालू असेल तर तिच्यापेक्षा फार जोरात जायचं नाही, कारण चाळीसच्या स्पीडला बाईक सेकंदाला अकरा मीटर जाते, म्हणजे आपण "अरे" म्हणेपर्यंत दोन कार मागे पडतात.

वर माझ्याकडे पुरावा पण होता. कॅलिफोर्नियात मधून जाणं कायदेशीर आहे, २०१७ पासून कायद्यात त्याची व्याख्याच आहे. मावसभाऊ सॅन होजेला असतो, तो सांगायचा की तिकडे कारवाले बाजूला सरकून जागा देतात (इथे जागा दिसली की कारच घालतात, असो). आणि तिकडच्याच बर्कले विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१५ चा एक अभ्यास माझा तोंडपाठ होता. अपघात झालेले जवळपास ६ हजार बाईकस्वार, त्यातले ९९७ अपघाताच्या वेळी मधून जात होते. डोक्याला मार त्यांच्यात ९ टक्के लोकांना, बाकीच्यांत १७. मृत्यू १.२ टक्के, बाकीच्यांत ३. मागून कोणी ठोकण्याचं प्रमाणही कमी. हे आकडे मी बायकोला, सासऱ्यांना, एकदा तर तीन हात नाक्यावर हवालदाराला पण ऐकवलेत, त्याने पावती फाडता फाडता ऐकून घेतले.

काय ऐकवायचो नाही ते सांगतो. त्याच अभ्यासात मधून जाणारे स्वतः समोरच्या गाडीवर जाऊन आदळायचे ३८ टक्के, बाकीचे १६. हा आकडा माझ्या तोंडात कधी आला नाही. शिवाय तो सगळा हिशोब अपघात झालेल्यांचा आहे. मधून गेल्याने मुळात अपघात वाढतो की कमी होतो ते त्यातनं कळतच नाही. आणि फायदा कधी, तर ट्रॅफिक ताशी ८० किलोमीटरच्या आत आणि आपण त्याच्यापेक्षा फार तर २४ ने जास्त असलो तर. आपल्याकडे पहिली अट आपोआप पाळली जाते, घोडबंदरला ८० ने कोण जातंय. दुसरी कोणी पाळत नाही. मी पाळायचो. बहुतेक वेळा.

आता ती रात्र.

२०२२ चा सप्टेंबर, अनंत चतुर्दशी होऊन आठवडाभर झाला असेल. साडेदहा वाजलेले. रात्री कंटेनर सोडले की त्या रोडचं काय होतं माहितीये तुम्हाला. मानपाड्याच्या पुढे, पातलीपाड्याच्या अलीकडे, उजवीकडे मेट्रोच्या कामाचे पत्रे, त्याला लागून कारची रांग, तिच्या डावीकडे ट्रेलर आणि सगळं मुंगीच्या पावलाने चाललेलं. कागदावर हिशोब करा, प्रत्येक लेन साडेतीन मीटर, ट्रेलर अडीच, कार पावणेदोन, दोघं आपापल्या लेनच्या मधोमध धरले तर मधे जवळजवळ दीड मीटर राहतं. माझं हँडल पाऊण मीटरच्या आसपास. म्हणजे दोन्ही बाजूला फूट फूट जागा, झकास. पण पत्रे लेनमधे आलेले आणि खड्डे कागदावर नसतात.

मी घातली. पावसाची बुरबुर होती, ट्रेलरच्या चाकांतनं चिखलाची फवार माझ्या डाव्या पँटवर येत होती, नट दिसत होते चाकाचे, एक नव्हता, तिथे नुसतं भोक होतं. एवढं लक्षात आहे कारण तेवढं जवळ होतो. पुढे निघालो, ट्रेलरच्या केबिनच्या पुढे आलो आणि सवयीने आरशात बघितलं. मागे एक स्कूटर होती. माझ्यामागोमाग घुसलेली. हे नेहमीचंच आहे, पहिल्याने घातली की वाट झाली, मागे चार जण लागतात, पहिला काय बघून गेला ते मागच्यांना माहीत नसतं, ते फक्त पहिल्याचा टेललाईट बघून येतात. मला त्याचा हेडलाईट दिसला, थोडा डावीकडे गेला आणि एकदम खाली.

धाडकन वगैरे आवाज नाही झाला. आधी ट्रेलरच्या ब्रेकची हवा सुटल्याचा फुस्स आवाज आणि मग लोक केबिनचा पत्रा बडवायला लागले, "अरे थांब, थांब, मागे घेऊ नको."

खड्डा चुकवायला कार जराशी डावीकडे आली होती. फूटभर. त्याच्या हँडलला आरसा लागला आणि तो ट्रेलरच्या बाजूला पडला. डावा पाय.

मी बाईक लावली, पण लगेच नाही. हे कोणाला सांगितलेलं नाही. आरशात बघत मी तीस-चाळीस मीटर तसाच पुढे गेलो आणि त्या तीस-चाळीस मीटरमधे डोक्यात एकच होतं, की मी निघून जाऊ शकतो, मला काही झालेलं नाही, माझा काही संबंध नाही. मग लावली आणि पळत मागे गेलो.

पोरगा वीस-एकवीसचा. शुद्धीत होता. माझा हात धरून म्हणाला, "आईला फोन नका करू, दादाला करा." बस एवढंच दोन-तीनदा. चार जणांनी उचलून रिक्षात घातला, मी मांडीवर पाय धरून बसलो, चपला माझ्या पिशवीत. हॉस्पिटलला अर्ध्या तासात त्याचा भाऊ आला, माझ्याच वयाचा, घरातल्या हाफ पँटवर. त्याने विचारलं, "तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "मी मागून येत होतो."

मागून. हा एक शब्द मला अजून गिळता येत नाही. भीती पोलिसांची होती असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं, तर तेही खोटं, कारण मदत करणाऱ्याला अडकवता येत नाही हे मला माहीत होतं, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसं कलमच घातलंय. आणि पुढे जाणं हा काही गुन्हा पण नव्हता. त्याला घातली कोणी सांगितली? मी त्याला बघितलंही नव्हतं. मान्य. मग "पुढे होतो" म्हणायला काय झालं होतं?

पाय वाचला, पण घोट्यात सळई आहे आणि थोडा लंगडतो. भाऊ दर दिवाळीला मेसेज करतो, "तुम्ही देवासारखे आलात." मी पणतीचा फोटो टाकतो.

तर तेव्हापासून उभा राहतो. सुरक्षित वाटतं म्हणून नाही हां, उलट मागून ठोकण्याची भीती उभं राहण्यातच जास्त. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची, आणि ती सगळी काही कट मारताना गेली नाहीत. म्हणून उभा असलो तरी फर्स्ट गिअर टाकून क्लच दाबून ठेवतो, ब्रेक लाईट दोन-तीनदा चमकवतो, पुढच्या कारच्या एका कोपऱ्यावर उभा राहतो, म्हणजे मागून कोणी आलाच तर सटकायला फट असते. म्हणजे बघा, फट लागतेच. बायकोने हेच पकडलं एकदा: "फटीत जायचं नाही पण फट पाहिजे." काय उत्तर देणार, डोंबल?

आणि माझ्या उभं राहण्याने फरक काही पडत नाही. बाकीचे मला वळसा घालून, शिव्या देऊन जातातच. दोनदा तर माझ्याचमुळे लोकांनी आणखी अरुंद जागेतनं घातली. जुना मी असता तर म्हणाला असता, तुझं हे सगळं नाटक आहे, पोराच्या पायाची भरपाई डिझेलचा धूर खाऊन करतोयस. असेल.

परवा मुलीचा पेपर होता, कापूरबावडीला अडकलो, वीस मिनिटं राहिलेली. ती मागे काही बोलली नाही, फक्त घड्याळ बघत होती. मी आरशात बघितलं. मागे एक टेम्पो, बाईक एकही नाही. मग घातली. माजिवड्याला पोचलो तेव्हा मागे तिघं होते.