आमची वाटचाल : ड्राफ्टर, मार्कर आणि एक फौंड्रीवाले काका

बेळगावच्या टिळकवाडीत इंटिरिअर-फर्निचरचं ऑफिस थाटलं तेव्हा आमच्याकडे होतं काय? एक ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर (बोर्डावर समांतर रेघा मारायचं साधन), रॉटरिंगचे शाईचे पेन आणि खानापूरकडचे मिस्त्रीमामा. मामांना प्लॅन फारसा वाचता येत नसे, पण टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे कोपऱ्यातून दिसेल तसं खोलीचं चित्र, समोर धरलं की कुठला सांधा कुठे उघडा पडणार ते रेषेवर बोट ठेवून सांगत. पुढची बरीच वर्षं कामं येत गेली, पैसे मिळत गेले.

मग थ्रीडी आलं. आमच्याच टेबलावर हात बसलेला एक मुलगा बाहेर पडला, कॅम्पात एसी ऑफिस काढलं आणि गिऱ्हाइकांना चकचकीत रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली फोटोसारखी चित्रं, दाखवू लागला. इटालियन सोफा, झुंबर, खिडकीबाहेर समुद्रसुद्धा. बेळगावात! लोक भुलले. आमचं भाडं थकलं, ड्राफ्ट्समन कमी करावे लागले, बोर्ड भंगारात काढा असं घरचेही म्हणू लागले. एका बिल्डरने तर आमची स्केचेस ठेवून घेतली आणि काम त्या मुलाला दिलं. त्या स्केचेसचे पैसे अजून यायचेत.

तगलो ते उद्यमबागेतल्या एका फौंड्रीवाल्या काकांमुळे. त्यांनी त्या मुलाकडून रेंडरही मागवलं होतं. मला दाखवत म्हणाले, "झकास आहे रे, खरं ह्यात मी आता काय सांगायचं?" मी बटर पेपर त्यांच्याकडे सरळ ठेवला आणि माझ्या बाजूने उलटं काढत गेलो. देवघर इकडे सरकलं, आईंच्या गुडघ्यांसाठी बैठक उंच झाली, जिना फिरला. काकांनी स्वतः पेन घेऊन एक खिडकी खोडली. रेंडर बघणारा माणूस कपबशीच्या रंगावर अडून बसतो, कारण बाकी सगळं ठरलंय असंच त्याला वाटतं. काकांच्या मागोमाग त्यांचे जावई आले, निपाणीचे व्याही आले.

रंगवायच्या मार्करचं विचाराल तर कॉपिक कंपनीचे महाग, पण शाई भरता येते, निब बदलता येते. झेरॉक्सवर मारला तरी काळी रेघ फिसकटत नाही, म्हणून एकाच चित्राच्या प्रती काढून चार रंगसंगती दाखवता येतात. फिकटाकडून गडदाकडे जा. कड ओली आहे तोवरच पुढचा हात मारा, थांबलात की पट्टा उठलाच. सागवानाला मार्करवर रंगपेन्सिलीची नस काढा. काचेला तिरके दोन फटकारे बास, नवशिके काचेतच जीव काढतात. दोन्ही टोकांचे मार्कर आडवेच ठेवा. आणि आमच्या पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर मोकळा टाकून घरी जाऊ नका, सकाळी फुगलेला मिळेल.

पोरांनो, सॉफ्टवेअर शिकाच, वर्किंग ड्रॉइंगला (कारागिरांसाठीच्या मापांच्या नकाशांना) मीही ऑटोकॅडच वापरतो. पण साईटवर बैलहोंगलचा कन्नड बोलणारा गवंडी आणि राजस्थानी सुतार समोर असतात, तेव्हा प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने काढून दाखवता आलं पाहिजे. लॅपटॉप उघडेपर्यंत सुताराने करवत चालवलेली असते.

तो मुलगा आता जोरात आहे. हल्ली म्हणे 'हँड स्केच' असं वेगळं पॅकेज देतो, त्याचे जादा पैसेही घेतो. मी एक पाहिलं. सॉफ्टवेअरचा इफेक्ट लावलाय. कोपऱ्यात रेषा एकमेकींना ओलांडून जातात खऱ्या, पण प्रत्येक कोपऱ्यात अगदी सारख्याच.